तांब्याचा वाडा आणि राणीने नाकारलेलं गेट

या वेळी पत्रं बरीच आली पण गंमत म्हणजे निम्मी एकाच विषयावर. नाशिकच्या एका काकूंचं पत्र मागच्या अंकात जागेअभावी राहिलं होतं, आम्ही फक्त "पुढच्या वेळी वॉरिंग्टनच्या टाऊन हॉलबद्दल" एवढी एक ओळ टाकली होती, तर त्या ओळीवरूनच लोकांनी प्रश्न पाठवले. मग म्हटलं या खेपेला तेच घेऊ, बाकीच्यांनी रागावू नये.

आधी एक खुलासा. आपल्याकडे टाऊन हॉल म्हटलं की सभा, नाटक, वक्तृत्व स्पर्धा, फार तर लग्नाला भाड्याने मिळणारं सभागृह असं डोळ्यासमोर येतं. इंग्लंडात टाऊन हॉल म्हणजे नगरपालिकेचं मुख्य ऑफिस, जिथे नगराध्यक्ष बसतो आणि नगरसेवकांची सभा भरते. खाली सगळीकडे त्याच अर्थाने वाचा.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरजवळ असते, तिच्याकडे दोन महिने राहून आले. एका रविवारी वॉरिंग्टन नावाच्या गावी गेलो, तिथे भलंमोठं सोनेरी गेट आणि आत हिरवळीच्या टोकाला बंगला. जावई म्हणाले हा राजवाडा होता, राणीने गावाला दिला आणि गेटही तिचंच. मुलगी म्हणाली छे, कुठल्यातरी कारखानदाराचं घर होतं. दोघांची पैज लागली आहे, मी पंच आहे आणि मला काहीच माहीत नाही. (एक काकू, नाशिक)

उत्तर : काकू, पैज मुलगी जिंकली. जावयांना एक गुण द्या तो गेटसाठी, पण अर्धाच, का ते पुढे सांगतो.

राजवाडा बिजवाडा काही नाही. घराचं मूळ नाव बँक हॉल. आता बँक म्हटल्यावर पासबुक आठवेल, पण पैशाच्या बँकेशी याचा संबंध नाही, मर्सी नदीकाठच्या त्या भागाचंच नाव बँक, तिथल्या नदीच्या धक्क्याला "बँक की" (Bank Quay) म्हणतात आणि तुम्ही ट्रेनने गेला असाल तर स्टेशनावर तेच नाव वाचलं असेल. हे घर 1750 साली थॉमस पॅटन या माणसाने बांधून घेतलं आणि पॅटन घराण्याचा धंदा तांब्याचा. म्हणजे आपल्या तांबट आळीत ठोके मारून हंडे घडवतात तसा नव्हे, तर खनिज वितळवून तांबं काढायचं, तेही घाऊक.

वॉरिंग्टनला तांबं सापडत नाही मग तिथेच धंदा का, असं तुम्ही विचाराल. तांब्याचं खनिज वितळवायला कोळसा प्रचंड लागतो, खनिजाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे कोळसा खनिजाकडे न्यायचा की खनिज कोळशाकडे असा हिशेब केला की दुसरंच स्वस्त पडतं. वॉरिंग्टन ज्या भागात येतं त्या दक्षिण लँकेशायरमध्ये कोळसा भरपूर, खनिज यायचं जहाजाने कॉर्नवॉल वगैरेकडून. फक्त जहाज वॉरिंग्टनपर्यंत पोचायला हवं ना, नदीत मासे धरायचे बांध घातलेले, ठिकठिकाणी अडथळे. तर 1690 च्या दशकात याच घराण्यातल्या आधीच्या एका थॉमस पॅटनने (त्या घरात थॉमस नावाचा सुकाळ आहे, दर पिढीत एक) नदी रनकॉर्नपासून वॉरिंग्टनपर्यंत जहाजांना चालेल अशी मोकळी करून घेतली. म्हणजे आधी नदी, मग धक्का, मग भट्टी आणि सगळ्यात शेवटी बंगला. धंदा जमल्यावर घर बांधलं, आणि मग बांधलं ते असं बांधलं की बघत राहावं.

आर्किटेक्ट कोण तर जेम्स गिब्ज. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात कोपऱ्यावर सेंट मार्टिन इन द फील्ड्स चर्च आहे ते याचं, ऑक्सफर्डची गोल घुमटाची रॅडक्लिफ कॅमेरा ही वास्तूसुद्धा याचीच. चेन्नईत एग्मोरला सेंट अँड्र्यूज कर्क म्हणून चर्च आहे, 1821 चं, ते त्या सेंट मार्टिनच्याच धर्तीवर बांधलंय, तर या माणसाची छाया पार आपल्यापर्यंत आलेली आहे. गिब्जने वॉरिंग्टनचं घर केलं तेव्हा तो सत्तरीला टेकला होता, 1754 ला गेला. म्हणजे त्याच्या हातच्या शेवटच्या कामांपैकी हे एक.

तुम्ही फोटो पाठवला आहे त्यात बघा, लाल विटांची भिंत, कडांना आणि खिडक्यांना दगड, मधोमध चार खांब आणि त्यांच्या डोक्यावर त्रिकोणी माथा, त्या त्रिकोणात कोरलंय ते पॅटन घराण्याचं चिन्ह. मुख्य मजला जमिनीला नाही, बाहेरच्या पायऱ्या चढून वर जायचं. दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लांब विटांच्या इमारती आहेत त्या मुख्य घराला चिकटलेल्या नाहीत, त्या घराच्या कामाच्या जागा. आत छतावर चुन्याचं नक्षीकाम आहे, वेलबुट्टीचं, ते आजही टिकून आहे. ब्रिटनमध्ये जपायच्या इमारतींची सरकारी यादी असते तिच्यात ही सगळ्यात वरच्या, पहिल्या श्रेणीत आहे. दक्षिण लँकेशायरमधलं त्या काळातलं इतकं देखणं घर दुसरं नाही असं जाणकार म्हणतात आणि मला त्यात वाद घालायचं कारण दिसत नाही.

पण मला स्वतःला त्या घरातलं सगळ्यात आवडतं ते नक्षी नाही, खांबही नाही. ते आहे पायात. आणि तोच पुढचा प्रश्न आहे.

प्रश्न : या घराचा पाया म्हणे कचऱ्याचा आहे. मित्राने सांगितलं, मला खरं वाटत नाही. एवढा श्रीमंत माणूस कचऱ्यावर घर बांधेल? (सांगलीहून एक सिव्हिल इंजिनिअर)

उत्तर : बांधेल नाही, बांधलं. साहेब तुम्ही इंजिनिअर आहात तर तुम्हाला हे आवडेल.

तांबं वितळवलं की धातू खाली बसतो आणि वर जी मळी राहते तिला कारखान्यात स्लॅग म्हणतात. ती टाकायची कुठे हा भट्टीवाल्यांचा कायमचा ताप. काळी, काचेसारखी, जड. पॅटनच्या भट्टीवर ती गरम असतानाच साच्यात ओतून तिचे ठोकळे पाडत आणि बँक हॉलचा पाया त्याच ठोकळ्यांचा आहे. नदीकाठची ओलसर जमीन, त्यात काचेसारखा ठोकळा, ओल वर चढायला वावच नाही. वर पुन्हा फुकटचा माल. व्यापारी डोकं कसं चालतं बघा, लंडनचा नावाजलेला आर्किटेक्ट बोलवायचा, छताला नक्षी करून घ्यायची, आणि पायाला मात्र घरचीच मळी.

(गुऱ्हाळाच्या मालकाने बगॅस जाळून रस आटवावा तसंच हे, धंद्यातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही.)

त्या घराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बाकी सगळं दुसरीकडून आणलंय, नक्षीची तऱ्हा युरोपातून, खांबांची कल्पना रोममधून, गेट तर दुसऱ्याच गावाहून, पण पाया अस्सल तिथल्या भट्टीचा.

प्रश्न : मग तो पैसा गुलामांच्या व्यापारातला होता का? की आजकाल सगळ्याच जुन्या इमारतींबद्दल असं म्हणायची फॅशन आहे? (पुणे)

उत्तर : प्रश्नातला टोमणा कळला. पण इथे फॅशनचा प्रश्न नाही, माल काय बनत होता ते बघा आणि तुम्हीच ठरवा.

पॅटनच्या तांब्याची भांडी वेस्ट इंडीजला जायची. ऊस मळ्यात रस आटवायच्या मोठ्या काहिली, आणि रम गाळायची भांडी. आपल्याकडे गुऱ्हाळात काहील असते तशीच, फक्त तिथे ऊस तोडणारा आणि काहिलीखाली जाळ घालणारा माणूस विकत घेतलेला गुलाम. दुसरा माल होता कडी. तांब्या-पितळेची जाड कडी, मनगटात घालतात तशा आकाराची, पण दागिना म्हणून नाही, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती पैशासारखी चालायची, आणि त्या कड्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. जहाजं सुटायची लिव्हरपूलहून आणि लिव्हरपूल वॉरिंग्टनपासून नदीने खालच्या अंगाला, काही फार लांब नाही. म्हणजे आफ्रिकेकडे जाताना कडी, तिथून माणसं वेस्ट इंडीजला, तिथे याच कंपनीच्या काहिलीत साखर, आणि साखर परत इंग्लंडला. त्रिकोणाच्या दोन बाजूंवर तांबं आहे.

पॅटन स्वतः गुलामांची जहाजं चालवायचा असं मी म्हणत नाहीये. तो तांबं विकायचा. पण गिऱ्हाईक कोण हे त्याला ठाऊक नव्हतं असंही कुणी म्हणू नये, कडी काही वॉरिंग्टनच्या बायका घालत नव्हत्या. ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला 1807 मध्ये, तोवर घराला पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली होती. सगळा पैसा त्यातूनच आला असंही नाही, तांबं घरगुती भांड्यांना लागतं, कारखान्यांना लागतं. पण त्रिकोणी माथ्याखाली उभं राहून फोटो काढताना हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न : घराण्याने घर गावाला दान केलं का? आमच्या गावातही एका शेठजींचा वाडा नगरपालिकेला "दान" आहे असं सगळे म्हणतात, पण कागद कुणी पाहिला नाही. (नाव देऊ नका)

उत्तर : नाव देत नाही. तुमच्या गावचं मला माहीत नाही पण वॉरिंग्टनपुरतं सांगतो, दान नाही, विक्री. ही एक गंमतच आहे, मोठ्या माणसाचं घर सरकारी ऑफिस झालं की दोन पिढ्यांत लोक "त्यांनी दिलं" म्हणायला लागतात. विकलं म्हणायला कसंतरी वाटतं बहुतेक.

1872 साली त्या वेळचे मालक कर्नल जॉन विल्सन-पॅटन यांनी घर आणि भोवतालची जागा नगर परिषदेला विकली. हे कर्नल साधे गृहस्थ नव्हते, चाळीस एक वर्षं खासदार, 1868 मध्ये आयर्लंडचा कारभार बघणारे मंत्री, आणि 1874 ला त्यांना लॉर्ड विनमार्ली ही पदवी मिळाली. विकायचं कारण शोधायला फार खणावं लागत नाही. घर बांधलं तेव्हा जवळच नदी आणि स्वतःची भट्टी, तिचा धूर म्हणजे घरचाच धूर, त्याचे पैसे यायचे. पण 1831 ला रेल्वे आली, त्या "बँक की" धक्क्यावर क्रॉसफील्डचा साबण कारखाना फोफावला, घराच्या आजूबाजूला गाव चढत आलं. दुसऱ्याच्या चिमणीचा धूर आपल्या दिवाणखान्यात कोण सहन करतो. बड्या लोकांची घरं गावाबाहेर सरकली आणि मोकळे पडलेले वाडे कुणी घ्यायचे हा प्रश्न इंग्लंडच्या कितीतरी कारखानी गावांत उभा राहिला.

आणि नगर परिषदेला तेव्हा घर हवंच होतं. वॉरिंग्टनला नगराचा दर्जा मिळाला 1847 मध्ये. आजूबाजूला तर टाऊन हॉल बांधायची शर्यत लागलेली. रॉचडेलने 1871 ला बांधला, बोल्टनने 1873 ला, मँचेस्टरने 1868 ला सुरू करून 1877 ला संपवला आणि खर्च साधारण दहा लाख पौंडांच्या घरात गेला, त्या काळचे दहा लाख हां. गावागावांत कुणाचा मनोरा उंच यावरून चढाओढ. अशा वेळी वॉरिंग्टनच्या नगरसेवकांनी शांतपणे तयार घर विकत घेतलं. मला तर हा त्या सगळ्या शर्यतीतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. रॉचडेलचा मनोरा 1883 ला आगीत गेला, पुन्हा बांधावा लागला. वॉरिंग्टनला मनोराच नाही तर जळणार काय.

घराबरोबर बाग मिळाली ती 1873 पासून सगळ्यांना खुली झाली. कारखान्यात बारा बारा तास राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मला वाटतं घरापेक्षा बागच मोठी मिळकत होती, ऑफिसात कोण जातं हौसेने.

प्रश्न : राहायचं घर ऑफिस म्हणून चालतं का पण? आमची ग्रामपंचायत एका जुन्या घरात आहे, फाईल ठेवायला जागा नाही. (सातारा)

उत्तर : चालतं आणि चालत नाही. अशा घरात सभेला आणि समारंभाला लागतील अशा मोठ्या खोल्या तयार असतात, पाहुणा आला की रुबाब दिसतो. पण खोल्या ठरलेल्या, भिंत पाडता येत नाही, खिडकी बदलायची म्हटली तर परवानगी, पायऱ्या बाहेरच्या बाजूला असल्या की म्हाताऱ्यांचे आणि व्हीलचेअरवाल्यांचे हाल. तुमच्या फाईलींचं दुःख जगभर सारखंच आहे.

प्रश्न : आता त्या गेटचं सांगाच. इंटरनेटवर वाचलं की व्हिक्टोरिया राणीने ते नाकारलं कारण मागे क्रॉमवेलचा पुतळा होता. हे खरं की चहाच्या टपरीवरची कथा? (काकूंसह चौघांनी विचारलं आहे)

उत्तर : जावयांचा अर्धा गुण इथे.

गेट घराचं नाही. घर 1750 चं, गेट बसवलं 1895 ला, म्हणजे 145 वर्षांनी, आणि तोवर तिथून पॅटन मंडळी जाऊनही तेवीसेक वर्षं उलटली होती. सोन्याचं तर नाहीच, बिडाचं आहे, म्हणजे ओतीव लोखंड, वर सोनेरी रंग. बनवलं कोलब्रुकडेल कंपनीने. इंग्लंडच्या लोखंडाच्या इतिहासात या गावाचं नाव फार मोठं, दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड काढायचं तंत्र तिथे 1709 मध्ये बसलं आणि जगातला पहिला मोठा लोखंडी पूलही त्याच खोऱ्यात. मोठी शोभिवंत गेटं ओतणं ही त्या कंपनीची खासियत, लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनातलं त्यांचं एक गेट आजही केन्सिंग्टन गार्डन्समध्ये उभं आहे.

वॉरिंग्टनचं हे गेट 1862 च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलं होतं. चार उंच खांब, प्रत्येकावर पंख असलेली विजयदेवता, मधे बिडाची इतकी बारीक वेलबुट्टी की ओतली आहे हे खरं वाटू नये. काकू, पुढच्या वेळी जाल तेव्हा एका पानाला हात लावून बघा, घडीव लोखंडाचं पान पातळ असतं, हातोड्याने काढलेलं, आणि बिडाचं पान जाड, कडेला बोथट, आणि थंडगार.

आता कथा. असं सांगतात की हे गेट सँड्रिंगहॅमला, म्हणजे राजघराण्याच्या खासगी वाड्यावर, जाणार होतं, राणी प्रदर्शनात आली, गेटमधून पलीकडे पाहिलं तर नेमका समोर ऑलिव्हर क्रॉमवेलचा पुतळा, ज्याने 1649 मध्ये तिच्या आधीच्या एका राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं उडवण्यात पुढाकार घेतला तो क्रॉमवेल. राणी फिरली आणि गेट फिसकटलं. कथा झकास आहे. पुतळा खरा आहे, जॉन बेल या शिल्पकाराचा, कोलब्रुकडेलनेच ओतलेला आणि त्याच प्रदर्शनात मांडलेला. पण राणीच्या मनातलं काय झालं ते मी पैजेवर सांगणार नाही. एक साधी गोष्ट मात्र बघा. सँड्रिंगहॅमला आज जी गेटं आहेत ती नॉर्विच गेट्स, तीही याच 1862 च्या प्रदर्शनात होती, दुसऱ्या कंपनीने बनवलेली, आणि नॉर्फक परगण्याच्या लोकांनी ती राजपुत्राला 1863 मध्ये लग्नाचा आहेर म्हणून दिली. सँड्रिंगहॅम नॉर्फकमध्येच. घरच्या माणसांनी घरचा आहेर आणलाय म्हटल्यावर दुसऱ्या गावचं गेट कुठे लावणार? मला तरी हे कारण क्रॉमवेलपेक्षा पटतं. पण पुतळ्याची कथा सांगायला जास्त मजा येते, म्हणून तीच चालते.

मग ते गेट तीसेक वर्षं गिऱ्हाईकाविना पडून राहिलं. एवढी मोठी वस्तू घेणार कोण, ती शोभेल असा वाडाही पाहिजे ना. वॉरिंग्टनचे एक नगरसेवक फ्रेडरिक मंक्स, स्वतः लोखंडाच्या धंद्यातले, त्यांच्या नजरेत ते आलं, त्यांनी विकत घेतलं आणि गावाला भेट दिलं. हे मात्र खरं दान, ते गेटचं. बागेभोवतीची पुढची भिंत काढून त्या जागी गेट बसलं आणि ते खुलं केलं 28 जून 1895 ला, वॉकिंग डेच्या दिवशी.

वॉकिंग डे म्हणजे काय तर गावातल्या सगळ्या चर्चची माणसं, पोरंबाळं नवे कपडे घालून, झेंडे आणि बँड घेऊन गावातून चालत निघतात, साधारण जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीच्या शुक्रवारी. आपल्या दिंडीची आठवण व्हावी असं दृश्य. 1834 मध्ये तिथल्या एका धर्मगुरूने हे सुरू केलं, कारण त्याच सुमाराला शेजारी घोड्यांच्या शर्यती असायच्या आणि गाव तिकडे जाऊन पिऊन पडायचं.

आणि आता खरी गंमत. त्याच मंक्सनी चार वर्षांनी, 1899 ला, तो क्रॉमवेलचा पुतळासुद्धा गावाला दिला! क्रॉमवेलच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून. त्याच वर्षी लंडनलाही पार्लमेंटसमोर क्रॉमवेलचा पुतळा उभा राहिला आणि त्यावरून आयरिश खासदारांनी रान उठवलं होतं, आयर्लंडमध्ये त्याने काय केलं ते आयरिश लोक विसरत नाहीत. वॉरिंग्टनचा पुतळा अजून गावात आहे, फक्त गेटच्या समोर नाही, जरा लांब ठेवलाय. आता हे मुद्दाम की योगायोग, तुम्हीच ठरवा.

प्रश्न : अशी उद्योगपतीच्या घरात नगरपालिका आणखी कुठे आहे का? (अमरावती)

उत्तर : पुष्कळ. एक सांगतो कारण त्याचा आपल्याशी लांबचा संबंध आहे.

फ्रान्समध्ये एव्हियाँ नावाचं गाव, बाटलीतल्या पाण्यामुळे नाव ऐकलं असेल, लेमाँ सरोवराच्या काठावर. तिथली नगरपालिका 1927 पासून व्हिला लुमिएरमध्ये आहे. लुमिएर म्हणजे तेच, सिनेमावाले. पण घर त्या दोन भावांचं नव्हे, त्यांचे वडील आंत्वान लुमिएर यांचं. फोटोच्या काचेच्या प्लेटा बनवायचा कारखाना लिआँला होता, प्लेटा धडाधड खपत होत्या, पोरं शोध लावायची आणि वडील घरं बांधायचे, एकावर समाधान नाही, लिआँला एक, समुद्रकाठी ला सियोताला एक, एव्हियाँला एक. 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून जो खेळ झाला त्याची सगळी जमवाजमव या वडिलांनीच केली. त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी, 7 जुलै 1896 ला, मुंबईत वॉटसन हॉटेलात तोच खेळ लागला, एक रुपया तिकीट, आणि त्याच वेडातून आपले सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर पुढे कॅमेरा मागवून कुस्तीचं चित्रण करायला लागले.

त्या व्हिलाच्या दाराशी दोन धिप्पाड दगडी पुरुष बाल्कनी तोलून उभे आहेत, ते टूलोनच्या टाऊन हॉलच्या दारावरच्या सतराव्या शतकातल्या पुतळ्यांची नक्कल. म्हणजे लुमिएरबुवांनी घराला टाऊन हॉलचं दार लावलं आणि मग एके दिवशी घरच टाऊन हॉल झालं. मला हे वाचलं तेव्हा एकटाच हसत बसलो होतो.

एव्हियाँचीच एक दुःखाची गोष्ट. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची बोलणी तिथे व्हायची ठरली म्हणून 31 मार्च 1961 ला गावचे नगराध्यक्ष कामिय ब्लाँ यांना अतिरेक्यांनी बॉम्बने मारलं, टाऊन हॉलशेजारच्या त्यांच्या हॉटेलवर. करार मात्र झालाच, पुढच्या मार्चमध्ये.

जाणाऱ्यांसाठी टीप, शेजारीच पॅले लुमिएर नावाची इमारत आहे ती लुमिएरांचं घर नव्हे, ते जुनं स्नानगृह, आता तिथे प्रदर्शनं भरतात. फोटो चुकीच्या इमारतीचा काढून आणू नका.

प्रश्न : इंग्लंड, फ्रान्स सांगता, आमचं सोलापूर कुठे गेलं? (सोलापूर, आणि अक्षर बघता रागावूनच लिहिलंय)

उत्तर : कान पकडतो. सोलापूर महानगरपालिका इंद्रभुवनात आहे, आणि इंद्रभुवन हा मल्लप्पा ऊर्फ अप्पासाहेब वारद यांचा वाडा. म्हणजे गिरणगावातल्या धनिकाचं घर आणि त्यात गावचा कारभार, अगदी हाच प्रकार. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागून गावाचा नूरच पालटला, इंद्रभुवनाचा थाट त्याच भरभराटीचा. पोलंडमध्ये वूच म्हणून शहर आहे, तेही कापड गिरण्यांचं, तिथे लोकरीचे कारखानदार युलियुश हाइन्झेल यांच्या 1880 च्या दशकातल्या महालात शहराचं ऑफिस आहे, रस्त्याकडे महाल आणि मागच्या अंगाला कारखाना. सोलापूरकरांनी कधी वूचला जाणं झालं तर परकं वाटणार नाही, भोंगा आणि भोंगा बंद झाल्यावरची शांतता दोन्ही गावांनी पाहिली आहे. इंद्रभुवनावर आमच्याकडे कुणी जाणकाराने नीट लिहून पाठवलं तर पुढचा अख्खा स्तंभ त्याचा, हा शब्द.

प्रश्न : वॉरिंग्टनला आत जाता येतं का? परत जाणार आहे पुढच्या वर्षी. (पुन्हा नाशिकच्या काकू)

उत्तर : बागेत खुशाल फिरा, कुणी अडवत नाही. इमारत चालू ऑफिस आहे, त्यामुळे आत शिरण्याआधी मुलीला फोन करून विचारायला सांगा. आणि गेटपाशी अर्धा तास घालवू नका, सगळे तिथेच थांबतात आणि परततात. सरळ घरापर्यंत चालत जा, वर खांबांकडे नंतर बघा, आधी खाली वाका आणि पायाचे काळे ठोकळे कुठे दिसतात का ते शोधा. पैजेचं जेवण मुलीकडून नाही, जावयांकडून घ्या.